डबे वाढले, गाड्या लांबल्या. रूळ मात्र एकेरीच

नांदेड, प्रतिनिधी

मुंबई–जालना वंदे भारत एक्स्प्रेसचा २६ ऑगस्ट २०२५ रोजी नांदेडपर्यंत विस्तार झाला, तेव्हा परभणी आणि नांदेड स्थानकांवर तिचे जंगी स्वागत झाले. आठ डब्यांची ही गाडी वीस डब्यांची झाली. मराठवाड्याच्या पूर्व टोकाला दिवसाउजेडी राजधानीत पोहोचवणारी आणखी एक गाडी मिळाली, ही बाब आनंदाचीच. मात्र विस्ताराच्या वेळी जाहीर झालेले वेळापत्रक वेगळेच काही सांगते. नांदेडहून पहाटे पाच वाजता सुटणारी गाडी मुंबईला दुपारी २.२५ वाजता पोहोचणार होती. सुमारे ६१० किलोमीटरसाठी जवळपास साडेनऊ तास, म्हणजे ताशी सरासरी ६५ किलोमीटर. ताशी १६० किलोमीटर धावण्याची क्षमता असलेल्या गाडीचा हा वेग आहे. दोष गाडीचा नाही. परभणी ते मनमाडजवळील अंकाई हे सुमारे २७५ किलोमीटरचे अंतर तिला मुख्यत्वे एकेरी मार्गावरून कापावे लागते.

वाढत्या प्रवासी मागणीला रेल्वेने मराठवाड्यात दिलेले उत्तर गेली अनेक वर्षे एकाच प्रकारचे राहिले आहे. नवी गाडी देण्याऐवजी आहे तीच गाडी पुढे न्यायची. यामागे कारण आहे, आणि ते समजून घेतले पाहिजे. मुंबईत फलाट रिकामे नाहीत. कसारा आणि बोर घाटांतून नव्या गाडीसाठी वेळ काढणे अवघड आहे. तेव्हा मुंबईत आधीच जागा मिळालेल्या गाडीचे दुसरे टोक ताणणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्यासाठी ना नवा रूळ लागतो, ना मुंबईत नवी वेळ. शिवाय हिरवी झेंडी दाखवण्याचा समारंभही होतो.

परंतु या उपायाची किंमत कोणीतरी मोजतोच. मनमाड–मुंबई राज्यराणी एक्स्प्रेस जानेवारी २०२० मध्ये नांदेडपर्यंत नेण्यात आली, तेव्हा नाशिककर प्रवाशांनी नाराजी व्यक्त केली. त्यांच्यासाठी रिकामी सुटणारी गाडी आता भरून येणार होती. लातूरने हाच अनुभव त्याआधी घेतला होता. २०१७ मध्ये मुंबई–लातूर एक्स्प्रेस आठवड्यातील तीन दिवस बिदरपर्यंत नेण्याचा निर्णय झाला आणि लातूर रस्त्यावर उतरले. हक्काची गाडी कर्नाटकात पळवली, अशी शहराची भावना होती. ती समजण्यासारखी होती; पण लातूर जिल्ह्यातीलच उदगीरच्या प्रवाशाला याच निर्णयाने मुंबईची थेट सोय मिळाली, ही दुसरी बाजू त्या गदारोळात फारशी ऐकू आली नाही. नाशिक विरुद्ध नांदेड, लातूर विरुद्ध बिदर, लातूर विरुद्ध उदगीर असे जे वाद उभे राहिले, त्यांच्या मुळाशी प्रादेशिक अस्मिता कमी आणि आसनांची टंचाई अधिक आहे. गाडी लांबवल्याने टंचाई दूर होत नाही, ती फक्त अधिक गावांत वाटली जाते.

मग नव्या गाड्या का सुटत नाहीत? एकेरी मार्गाचे गणित साधे आहे. दोन स्थानकांमधील टप्पा पार करण्यास एका गाडीला वीस मिनिटे लागत असतील, तर तेवढा वेळ समोरून येणाऱ्या गाडीने पलीकडच्या स्थानकात लूप लाईनवर उभे राहायचे. एक गाडी उशिरा आली की क्रॉसिंगची जागा बदलते आणि तो उशीर पुढच्या दोन-तीन गाड्यांना लागतो. सायंकाळी आणि रात्री मुंबईच्या गाड्या सुटतात त्या काळात तर हा मार्ग आणखी गजबजतो. त्यात सिमेंट, खत, धान्य आणि कोळशाची मालवाहतूक असतेच. अशा मार्गावर एक जलद गाडी घुसवणे म्हणजे दोन संथ गाड्या बाजूला उभ्या करणे. त्या संथ गाड्यांत बहुधा पूर्णा, मानवत रोड, सेलू, परतूर येथील रोजचा प्रवासी बसलेला असतो.

या परिस्थितीत खरा बदल दुहेरीकरणाने होईल, आणि त्याची सुरुवात झाली आहे हे मान्य करायला हवे. परभणी ते मुदखेड या सुमारे ८१ किलोमीटर मार्गाचे दुहेरीकरण २०२० मध्ये पूर्ण झाले. अंकाई ते छत्रपती संभाजीनगर हा ९८ किलोमीटरचा टप्पा मंजूर होऊन कामाला लागला. मुदखेडच्या पुढे मेडचलपर्यंतच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. उरला होता तो मधला छत्रपती संभाजीनगर–परभणी हा १७७ किलोमीटरचा भाग. २,१७९ कोटी रुपये खर्चाच्या त्या प्रकल्पाला ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी मिळाली. कागदावर का होईना, मनमाडपासून हैदराबादच्या वेशीपर्यंत दुहेरी मार्गाची साखळी जुळली. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, गोदावरीच्या खोऱ्यातून हा मीटरगेज मार्ग टाकला गेला, त्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

मंजुरी आणि प्रत्यक्ष गाडी यांतील अंतराचा मराठवाड्याला पुरेसा अनुभव आहे. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये धावली आणि बीडला पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी पोहोचली. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तिशीत पोहोचले होते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पातील. त्यातील वर्धा–कळंब एवढ्याच टप्प्याचे लोकार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. नव्या मार्गाला भूसंपादन लागते, वनजमीन लागते, राज्याचा हिस्सा वेळेवर यावा लागतो. दुहेरीकरण बव्हंशी रेल्वेच्याच जमिनीवर होते. म्हणून ते तुलनेने लवकर हाती येते आणि म्हणूनच मागणीचा पहिला भार त्याने उचलला पाहिजे.

लातूरचे दुखणे निराळे आहे. शहरात १९११ मध्ये आलेली बार्शी लाईट रेल्वे अवघ्या अडीच फूट रुंदीची होती. जवळून जाणारी परळी–विकाराबाद ब्रॉडगेज लाईन शहराबाहेर, लातूर रोड येथे राहिली. धाराशिव ते लातूर नॅरोगेजचे रुंदीकरण २००७ मध्ये आणि कुर्डुवाडीपर्यंतचे २००८ मध्ये झाले, तेव्हा कुठे लातूर पुण्या-मुंबईशी खऱ्या अर्थाने जोडले गेले. या रुंदीकरणाचे मोल एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या देशाला कळले. मिरजेहून पाण्याच्या वाघिणी घेऊन निघालेली गाडी याच मार्गाने तहानलेल्या लातुरात आली होती.

त्यानंतरची वाढ मार्गाच्या क्षमतेपेक्षा वेगवान आहे. शिकवणीसाठी राज्यभरातून येणारे विद्यार्थी, पुण्यात नोकरी करणारी लातूर, औसा, निलंग्याची तरुण पिढी, उपचारांसाठी सोलापूर-पुणे गाठणारे रुग्ण हा या मार्गाचा कायमचा प्रवासी आहे. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत प्रतीक्षा यादी लांबली की हा प्रवासी खासगी ट्रॅव्हल्सकडे वळतो आणि त्या काळातले चढे भाडे भरतो. २०२३ मध्ये पुणे–हरंगुळ गाडी सुरू झाली, तीही प्रारंभी विशेष गाडी म्हणून. हरंगुळ येथेच मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा आहे. तेथे २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला आणि २०२३ च्या करारानुसार १२० शयनयान वंदे भारत गाड्यांची बांधणी तेथे व्हायची आहे. ज्या गावात देशासाठी गाड्या घडायच्या, त्या गावाच्या मुंबईच्या गाडीला कुर्डुवाडीत इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. प्रवाशांच्या बोलण्यात हा विषय विनोदाचा झाला असला तरी त्यात जाणारा वेळ विनोदाचा नाही.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांमधील प्रवास पाहिला म्हणजे नियोजनातील मूळ उणीव उघड होते. दोन्ही जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. रस्त्याने हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एसटी सरळ जाते. रेल्वेने मात्र पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड असा दोनशे किलोमीटरहून अधिक वळसा पडतो आणि वाटेत गाडीची दिशा बदलावी लागते ती वेगळीच. सहाजिकच या दोन शहरांमध्ये रेल्वेने जाणारा प्रवासी विरळा.

हा वळसा जितका भूगोलाचा, तितकाच कारभाराचाही आहे. नांदेड विभाग १ एप्रिल २००३ रोजी स्थापन झाला, तो दक्षिण मध्य रेल्वेत. परळी–लातूर रोड हा टप्पा त्याच रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. लातूर शहर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. दोन शेजारी जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांमध्ये तीन विभाग आणि दोन रेल्वे. यातील प्रत्येक विभाग आपापल्या मुख्य मार्गाचा विचार करतो. नांदेडची नजर मनमाड आणि हैदराबादकडे, सोलापूरची पुणे–वाडी मार्गाकडे, सिकंदराबादची तेलंगणाकडे. परभणी–परळी–लातूर रोड–कुर्डुवाडी हा पट्टा कोणाच्याच यादीत वरच्या क्रमांकावर येत नाही. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडावा, ही जुनी मागणी केवळ भाषिक भावनेची नाही, हे येथे लक्षात येते. मात्र विभाग जोडल्याने आपोआप रूळ वाढत नाहीत, हेही मागणी करणाऱ्यांनी विसरू नये.

नांदेड–लोहा–लातूर रोड या सुमारे शंभर किलोमीटरच्या थेट मार्गाचे सर्वेक्षण झाले आहे. तो झाला तर नांदेडचा पुणे प्रवास लातूरमार्गे होऊ शकेल, मनमाड मार्गावरील भार काही प्रमाणात हलका होईल, आणि रेल्वेने कधीच न जोडलेले लोहा-अहमदपूर नकाशावर येतील. सचखंड गुरुद्वारात पंजाबहून येणारा भाविक आणि तुळजापूर-पंढरपूरला जाणारा वारकरी यांना एकाच मार्गाने जोडणारा हा दुवा ठरेल. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून ही दोन शहरे परस्परांसमोर उभी ठाकली होती. या मार्गाबाबत दोघांचे हित एकच आहे, पण त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र मागणी रेटल्याचे चित्र अपवादानेच दिसते. प्रत्येक जण आपल्या स्थानकातून सुटणाऱ्या गाडीसाठी दिल्लीला पत्र लिहितो.

नवा मार्ग येईपर्यंत करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याचा खर्च नव्या मार्गाच्या तुलनेत थोडा आहे. इंजिन फिरवावे लागू नये म्हणून कुर्डुवाडी, लातूर रोड आणि परळी येथे जोडमार्ग टाकणे, लांब गाड्या थांबू शकतील असे फलाट व लूप लाईन लहान स्थानकांवर करणे, आणि मुक्कामी गाडीची देखभाल स्थानिक पातळीवर व्हावी म्हणून पिटलाईन वाढवणे ही कामे समारंभाची नाहीत, पण क्षमता त्यांनीच वाढते. अमृत भारत योजनेतून दोन्ही शहरांच्या स्थानकांचे रूप पालटत आहे. दर्शनी कमान आणि प्रतीक्षालय प्रवाशाला हवेच असते. मात्र गाडीच उशिरा येत असेल तर त्या प्रतीक्षालयाचा उपयोग नको तितका होतो.

दुहेरीकरण पूर्ण झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या वेळा कोणाला मिळणार, हे आताच ठरणे अधिक महत्त्वाचे आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या या मार्गाकडे वळवल्या जातील, ही शक्यता दाट आहे. मुदखेड ते ढोणपर्यंतच्या दुहेरीकरणाचा एक हेतूच तो आहे. नांदेड–छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड–लातूर–पुणे अशा दिवसाच्या आंतरशहर गाड्यांची मागणी वेळापत्रक समितीच्या बैठकीपूर्वी, आकडेवारीसह आणि दोन्ही रेल्वेंकडे एकाच वेळी गेली नाही, तर दुसरा रूळ पडल्यावरही परतूर आणि गंगाखेडचा प्रवासी लूप लाईनवर उभ्या गाडीतच बसलेला असेल.