आडव्या दांडीचं काय करायचं?

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण पावसाळ्यात कपाटांना धरणाऱ्या गंजाबद्दल बोललो. त्याच गंजाच्या निमित्ताने आमच्या घरात महिनाभर एक वाद चालला होता, तो आज सांगते. वाद होता एका सायकलीचा, खरं म्हणजे तिच्या आडव्या दांडीचा.

सायकल माझ्या आजेसासऱ्यांनी पुण्यात घेतलेली. काळी, नॉटिंगहॅमची रॅले, अंगावर सोनेरी रेघा. सासरे १९८६ साली बदली होऊन इथे सीबीडी बेलापूरला आले, तेव्हा सामानाच्या टेम्पोतून तीही आली. त्या वेळी इकडे लोकल नव्हती. वाशीपर्यंत ती १९९२ मध्ये आली आणि बेलापूरला त्याच्या पुढच्या वर्षी. सासरे याच सायकलवरून कोकण भवनात कामाला जात. ते गेल्यापासून सात वर्षं ती बाल्कनीत उभी होती, वर जुनी चादर टाकलेली. खाडीची खारट हवा चादरीला थोडीच जुमानते!

माझी शाळा घरापासून दीड किलोमीटरवर. अर्ध्या दिवसाच्या नोकरीत रोजची रिक्षा परवडत नाही. मनात आलं, हीच नीट करून चालवावी. पण फ्रेम चोवीस इंची आणि मी पाच फूट एक इंच! सीट अगदी खाली दाबली तरी थांबताना पाय जमिनीला टेकेनात. दांडीवरून पाय पलीकडे टाकायचा म्हणजे तर सर्कसच.

मग ठरवलं, दांडी कापायची. वेल्डिंगवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, अर्ध्या तासाचं काम. वरची नळी काढतो आणि खाली तिरपी लावून देतो, झाली लेडीज."

घरी हे चिडले. "बाबांच्या सायकलला हात लावायचा नाही." मला वाटलं, सासूबाईही तेच म्हणतील. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काप गं तू. मी सांगते, काप."

आम्ही दोघं बघतच राहिलो. आई म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून ही दारात आहे. मला शिकायची होती. नऊवारी सोडली, गोल साडी नेसायला लागले, तरी त्या दांडीमुळे बसता आलं नाही. तुझे बाबा म्हणायचे, मागे कॅरियरवर बस. सगळा जन्म मागेच बसले मी."

यावर कोण काय बोलणार? ह्यांनी टीव्ही बंद केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन निघाले, पण आधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांना दाखवली. चाळीस वर्षं हेच काम करतात ते. त्यांनी खराट्याच्या तीन काड्या दोऱ्याने बांधून त्रिकोण केला आणि माझ्या हातात दिला. "दाबा." दाबला, हलेना. मग चार काड्यांचा चौकोन केला. तो बोट लावताच तिरका झाला. घरी करून बघा, मुलांनाही आवडेल. सायकलची पुढची बाजू जवळजवळ त्रिकोणच असते. खड्ड्यात चाक आपटलं की पुढचा चिमटा हँडलखालच्या नळीला पिरगाळायला बघतो. तेव्हा वरची दांडी आणि खालची तिरपी नळी मिळून तो भार घेतात. वरची काढली की सगळा भार एकीवर येतो.

"मग लेडीज सायकल कशी टिकते?" मी विचारलं. काका म्हणाले, "ती कारखान्यातच तशी घडते. दुसरी नळी खालून जाते, आणि ती जिथे मिळते तिथे त्याच कोनाचा जोड असतो." आमच्या फ्रेमच्या नळ्या जोडाच्या कोयरीत बसवून पितळ वितळवून पक्क्या केल्या आहेत. पितळ साधारण नऊशे अंशांना वितळतं आणि पोलाद पंधराशेच्या आसपास, त्यामुळे नळी शाबूत राहते. पातळ नळीच्या मध्यावर विजेचं वेल्डिंग मारलं तर ती तिथेच जळते, आणि पुढे कधीतरी रस्त्यात तुटते.

मे महिन्यात माहेरी पुण्याला गेले होते, तेव्हा कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय पाहिलं. तिथे दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची बीएसए सायकल आहे, घडी घालता येणारी. तिची फ्रेम मध्ये दुमडते, पण वरची नळी काही काढलेली नाही. वर आणि खाली दोन बाकदार नळ्या, आणि दोन्हींना बिजागरी. काकांच्या काड्यांचा त्रिकोण मला तिथे आठवला.

तर दांडी राहिली. बाकी काय केलं ते सांगते, कारण घरोघरी अशी एखादी सायकल पडून असतेच.

मागचं चाक एका बाजूला घासत होतं. काकांनी फ्रेमला दोरा लावायला सांगितला. हँडलखालच्या नळीवरून दोरा घ्यायचा, मागच्या चाकाच्या दोन्ही खाचांपर्यंत ताणून बांधायचा, आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजायचं. आमच्याकडे सहा मिलिमीटरचा फरक निघाला. काकांनी लाकडी दांडक्याने हळूहळू, गरम न करता, ती बाजू सरळ केली. पोलाद हे सोसतं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हा प्रयोग मुळीच करू नका, तिला चीर जाते.

पायडलच्या मुळाशी असलेल्या वाट्या बदलू नका. रॅलेचे आटे इंचाला सव्वीस, बाकीच्या इंग्रजी बनावटीचे चोवीस. बाजारातली वाटी जबरदस्तीने फिरवली की फ्रेमचे आटे गेलेच. आम्ही वाट्या तशाच ठेवून फक्त छर्रे नवे घातले आणि ग्रीस भरलं. नवं कॅरियर लावायला भोक पाडलं नाही, जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प आवळला. चमकत्या भागांचा गंज डब्यात पोळी गुंडाळतो त्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला, छान निघतो. काळ्या रंगाला मात्र फक्त साबणाचं पाणी. पावडर कोटिंग करून घ्या असं दोघातिघांनी सुचवलं, पण त्यात सोनेरी रेघा गेल्या असत्या. ब्रेकही सळ्यांचेच ठेवले. ते रिमला आतून दाबतात, त्यामुळे नवे चिमट्याचे ब्रेक त्या रिमवर बसतच नाहीत. नवी रबरं घातली, झालं.

आता ती सायकल मुलगा चालवतो. दहावीत आहे, उंचीने ह्यांच्याही वर गेला आहे. ह्यांना वाटलं, वाद मिटला.

पण मला सायकल हवीच होती, आणि मी काही एकटी नव्हते. रिक्षाचे वाचवलेले पैसे आणि आईंच्या पेन्शनमधले थोडे घालून एक वापरलेली लेडीज सायकल घेतली. पोलादीच, बिनदांडीची, पुढे बास्केट. आधी तिला दोरा लावून पाहिला, बरोबर निघाली. मी तिच्यावरून शाळेत जाते. पारसिकच्या बाजूचा चढ आला की उतरून ढकलते, लाज कसली!

संध्याकाळी ती आई नेतात. सत्तरीत आहेत, अजून बसल्या नाहीत. हँडल धरून सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारतात, बास्केटमध्ये भाजीची पिशवी. काल मी म्हटलं, "आई, मी मागून धरते, बसा ना." तर म्हणाल्या, "घाई करू नकोस. आधी हिची मला सवय होऊ दे, मग सांगते."