वाटाण्याचे ७,३२४ दाणे

ब्रनोच्या मठातली बाग फार मोठी नव्हती. १८५६पासून सात-आठ वर्षे ग्रेगोर मेंडेल तिथे वाटाण्याच्या कळ्या उमलण्याआधीच हलक्या हाताने उघडत होता, चिमट्याने परागकोश खुडत होता आणि दुसऱ्या झाडाचे पराग त्या कळीला लावत होता. मग मोजणी. एका प्रयोगात ७,३२४ दाणे भरले. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. आईबापांच्या पिढीत नाहीसा झालेला सुरकुतलेपणा नातवंडांत जसाच्या तसा परत आला होता. म्हणजे गुण पाण्यातल्या रंगासारखे मिसळून जात नाहीत, सुटे राहतात.

संकर आधीही अनेकांनी केले होते. पण दाणे निवडत, पिढ्या वेगळ्या ठेवत इतक्या चिकाटीने मोजत बसणे, मला या शोधाचे खरे मोठेपण तिथे दिसते.

१८६५मध्ये त्याने हे काम गावातल्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे वाचले, पुढच्या वर्षी ते छापून आले. फारसे कुणी लक्ष दिले नाही. तो मठाधिपती झाला, करांच्या वादात अडकला आणि १८८४मध्ये गेला. त्याच्या कामाची खरी दखल घेतली गेली ती १९०० साली. ही सोळा वर्षे मनाला लागतात.

आमचा मुख्य लेख त्यापुढे, १९१०च्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होतो. दुधाच्या बाटल्यांत वाढवलेल्या लाल डोळ्यांच्या फळमाश्यांमध्ये थॉमस मॉर्गनला एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला.