संगीताचे माहितीपट पाहा, आणि विदर्भाचेही करा

डॉ. वसंतराव देशपांडे हे नाव नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. सिव्हिल लाइन्समधले सभागृह त्यांच्या नावाचे आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र दरवर्षी त्यांच्या स्मृतीत संगीत समारोह भरवते. मूर्तिजापूरला 1920 साली जन्मलेल्या या गायकाला घडवले ते नागपूरने, शंकरराव सप्रे गुरुजींच्या शिकवणीने. 2022 मध्ये निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ आला. नातू राहुल देशपांडे यांनी त्यात आजोबांची भूमिका केली आणि त्यातल्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. चित्रपट मनापासून केलेला आहे. पण तो कथापट आहे. त्यात गळा नातवाचा आहे आणि प्रसंग पटकथेतले आहेत. खुद्द गवई मैफलीत कसा बसायचा, तान घेण्याआधी क्षणभर कुठे बघायचा, साथीदाराला दाद कशी द्यायचा, हे कळायला त्या वेळी समोर लावलेला कॅमेराच लागतो. ते काम माहितीपटाचे.

माहितीपट म्हटले की आपल्याकडे अजूनही कपाळाला आठी पडते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या पटांची आठवण एका पिढीच्या मनात पक्की आहे. संगीतावरचा माहितीपट म्हणजे जन्म, गुरू, पुरस्कार, चार मान्यवरांची स्तुती आणि मध्ये गाण्याचे दोन तुकडे, असा समज त्यातूनच झाला. तसे पट आहेतही. पण चांगला पट ओळखायला दोन प्रश्न पुरेसे आहेत. गाणे तो पुरेसे ऐकू देतो का? आणि हे गाणे कुठल्या घरातून, कुठल्या कामातून, कुठल्या दुःखातून आले ते दाखवतो का? या कसोटीला उतरणारे पट आपल्याकडे आहेत. नागपूरच्या रसिकाने ते आवर्जून पाहावेत.

पहिला मान आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चा. 11 जुलै 1997 रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी त्याआधी ‘हमारा शहर’ या पटात घोगरेंचे गाणे टिपले होते. मित्राच्या त्या मृत्यूचा अर्थ शोधायला ते निघाले आणि हा पट पुरा व्हायला चौदा वर्षे लागली.

पट लांब आहे, पण त्यातला वेळ गाण्यासाठी राखलेला आहे. वस्तीतल्या मंचावर, चैत्यभूमीच्या गर्दीत, अरुंद खोलीत, जिथे कुठे कोणी गायला लागते तिथे कॅमेरा थांबतो आणि गाऊ देतो. कबीर कला मंच या सांस्कृतिक पथकाच्या शीतल साठे सभेत कशा गातात हे दिसते, आणि मग कॅमेरा त्यांच्या आईशीही बोलतो. लेकीचे विचार वेगळे, आईची श्रद्धा वेगळी, दोघी एकाच छपराखालच्या. ठाम मते असलेल्या दिग्दर्शकाने हा ताण झाकलेला नाही. जयंती, महापरिनिर्वाण दिन, निषेध सभा, कुठलाही प्रसंग असो, आंबेडकरी समाज आपले म्हणणे आधी गाऊन मांडतो, हे या पटाइतके नीट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

नागपूरकरांना हा पट परका वाटण्याचे कारण नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी ज्या शहरात धम्मदीक्षा घेतली, ते हेच. पटात खैरलांजीचे दलित हत्याकांड आहे, आणि खैरलांजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी नागपूरच्या वस्त्यांत ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना पडद्यावरचा शाहीर आपल्या गल्लीतलाच वाटेल.

याच ओघात वीरा साथीदार यांची आठवण काढायलाच हवी. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे या म्हाताऱ्या शाहिराचे काम त्यांनी केले. एका गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप या शाहिरावर येतो. गाणी संभाजी भगत यांची. 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. पडद्यावरचा त्यांचा अवघडलेपणा आणि मंचावर चढताच येणारा जोर हा अभिनयाच्या शाळेत शिकलेला नव्हता, चळवळीत घालवलेल्या आयुष्यातून आलेला होता. एप्रिल 2021 मध्ये कोविडने त्यांना नेले. ‘कोर्ट’ हा माहितीपट नव्हे, पण ‘जय भीम कॉम्रेड’नंतर लगेच तो पाहिला तर दोन्ही चित्रपट अधिक उलगडतात.

दुसरी शिफारस शबनम विरमानी यांच्या ‘कोई सुनता है’ची. कुमार गंधर्वांची कथा मराठी रसिकाला माहीत आहे. क्षयाने गाठले, 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला मुक्काम हलला, गाणे बंद करण्याचा वैद्यकीय सल्ला मिळाला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीते कानावर पडत राहिली. आपण ही कथा चमत्कारासारखी सांगतो. विरमानींचा पट ती जमिनीवर आणतो. ज्या जोग्यांकडून, ज्या भजन मंडळ्यांकडून कबीर आला, त्यांच्या दाराशी तो जातो. निर्गुणी भजन गावात कसे गातात ते ऐकवतो आणि मग कुमारजींनी त्याचे काय केले ते ऐकवतो. ही दोन गायने पाठोपाठ ऐकली की कुमारजींचे मोठेपण कमी होत नाही. त्यांनी किती बारकाईने ऐकले असेल ते कळते. विरमानींच्या कबीर प्रकल्पात असे चार पट आहेत. त्यातला ‘हद-अनहद’ सीमा ओलांडून कराचीच्या कव्वालांपर्यंत पोहोचतो. हे पट इंटरनेटवर विनामूल्य बघता येतात, त्यामुळे सबबीला जागा नाही.

शास्त्रीय संगीताचा नाद असलेल्यांनी मणी कौल यांचा 1982 चा ‘ध्रुपद’ पाहावा. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि झिया फरीदुद्दीन डागर यांचे गायन यात आहे. दिग्दर्शक स्वतः या घराण्यात ध्रुपद शिकला. म्हणूनच आलापीची संथ लय त्याने कॅमेऱ्यालाही लावली. कॅमेरा जुन्या वास्तूंमधून सरकत राहतो आणि अखेर मुंबईच्या दाटीवाटीच्या छपरांवरून बराच वेळ फिरतो. दरबारात वाढलेली ही विद्या आता या शहरात जगणार आहे, हे तो एक शब्द न बोलता सांगतो. पहिली दहा मिनिटे धीर धरावा लागतो, पुढे पट आपोआप धरून ठेवतो. गुलजार यांनी पंडित भीमसेन जोशींवर केलेला पट त्यामानाने सोपा आणि प्रेमळ आहे, घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगा. किशोरी आमोणकरांवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी केलेला ‘भिन्न षड्ज’ पाहावा तो किशोरीताई स्वराबद्दल बोलतात ते ऐकण्यासाठी. त्यांच्या प्रत्येक मताशी सहमत होण्याची गरज नाही. एका सुरासाठी माणूस स्वतःला किती कठोरपणे तपासतो हे बघणेच मोलाचे आहे.

संगीत जिवंत ठेवणाऱ्या बायकांचे नाव मात्र इतिहासाने अनेकदा पुसले. सबा दिवाण यांच्या ‘द अदर साँग’चा विषय तोच. बनारसच्या रसूलनबाईंनी 1935 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली एक ठुमरी पुढे सभ्य समाजासाठी शब्द बदलून गायली गेली. मूळ रूपाचा शोध घेता घेता दिग्दर्शिका तवायफांच्या हद्दपारीपर्यंत पोहोचते. आपल्याकडे सावित्री मेधातूल यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ या पटात लावणी कलावंतांचे जग टिपले. संगीत बारीत बैठकीची लावणी गाणाऱ्या, अदा करणाऱ्या, पार्टी सांभाळणाऱ्या बायका त्यात स्वतःच्या तोंडून बोलतात. टीव्हीवरच्या लावणीवर टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ही मूळची लावणी पाहावी.

सगळ्यात वेगळा पट नागालँडचा. अनुष्का मीनाक्षी आणि ईश्वर श्रीकुमार यांच्या ‘खो की पा लू’त फेक गावचे शेतकरी आहेत. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातशेतीत ते चिखल तुडवतात, रोप लावतात, धान वाहून नेतात आणि सतत गातात. एकाने सूर धरला की पलीकडच्या बांधावरून उत्तर येते. ओझे घेऊन चढण चढताना लागलेला दमही गाण्याच्या लयीत बसतो. मंच नाही, प्रेक्षक नाही, गायक म्हणून वेगळा कोणी नाही.

हा पट बघताना भंडारा-गोंदियाच्या माणसाला रोवणी आठवल्याशिवाय राहणार नाही. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाया ओळीने मागे सरकत जी गाणी म्हणतात, ती ऐकायला कुठे जायचे? दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत होणारी दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीच्या नाटकांतली पदे? वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. हंगामात इथून निघालेली नाटके गावोगावी रात्र-रात्र चालतात. इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला झाडीपट्टीची आठवण झाली. खंजिरी भजनाचे तर काय सांगावे! तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने 1942 मध्ये चिमूर-आष्टी पेटवली, इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. आज नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. एका भजन गाणाऱ्याचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात गावोगावी खंजिरी मंडळे अजून गातात. ती अभ्यासपूर्वक चित्रित व्हायला नकोत का?

उशीर झाला तर काय होते आणि वेळ साधली तर काय होते, हे जगातले दोन पट सांगतात. व्हिम व्हेंडर्स यांचा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ 1999 चा. हवानातले वयोवृद्ध वादक-गायक त्यात भेटतात. इब्राहिम फेरेर तोवर बूटपॉलिश करून पोट भरत होते, रुबेन गोन्झालेस यांच्या घरी पियानो उरला नव्हता. ध्वनिमुद्रण झाले, पट झाला आणि आयुष्याच्या संध्याकाळी ही माणसे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली. पट बाहेरच्या पाहुण्याच्या नजरेने काढलेला आहे, हा दोष खरा. म्हणूनच आपल्या गाण्याचा पट आपल्याच माणसाने काढलेला बरा. दुसरा पट ‘समर ऑफ सोल’. 1969 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांचा मोठा संगीत महोत्सव झाला. त्याचे चित्रीकरणही झाले. पण त्यावरचा चित्रपट घ्यायला कोणी तयार होईना, आणि त्या फिती सुमारे पन्नास वर्षे तशाच पडून राहिल्या. संगीतकार क्वेस्टलव्ह यांनी त्यातून पट उभा केला, त्याला 2022 मध्ये ऑस्कर मिळाले. नशीब इतकेच की कोणीतरी चित्रित करून ठेवले होते आणि कोणीतरी ते जपले होते.

भीमगीतांच्या जुन्या कॅसेट आजही अनेक घरांच्या कपाटांत आहेत. कॅसेटची फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते. ती डिजिटल करून ठेवणे हे आजच करता येण्याजोगे काम आहे. ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी ते करून दाखवले. जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या चमूने गोळा केल्या, आणि आज ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘परी’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ओव्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासह ऐकता येतात. दंडारीसाठी, खंजिरीसाठी, रोवणीच्या गाण्यांसाठी तशीच चिकाटी हवी.

नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, सांस्कृतिक केंद्र आहे, पत्रकारिता आणि जनसंवाद शिकवणारे विद्यापीठ आहे. या संस्थांनी महिन्यातून एक संध्याकाळ संगीताच्या माहितीपटासाठी राखावी, पट संपल्यावर त्याच मंचावर एखादे भजन मंडळ किंवा भीमगीतांची पार्टी बोलवावी. विद्यार्थ्यांना वर्षाचा प्रकल्प म्हणून एका कलावंताचा पट करायला द्यावा. उपकरण महाग हवे असे नाही, पण आवाज नीट यायला हवा, म्हणून साधा का होईना, वेगळा माइक घ्यावा. गाणे मध्येच तोडू नये. गाणाऱ्याची परवानगी घ्यावी, नाव-गाव लिहून ठेवावे आणि तयार पटाची एक प्रत त्याच्या घरी नेऊन द्यावी.

वाचकाने मात्र या संस्थांची वाट पाहू नये. येत्या रविवारी ‘जय भीम कॉम्रेड’ किंवा ‘कोई सुनता है’ यांपैकी एक पट घरच्यांबरोबर, मोबाइलवर नव्हे तर मोठ्या पडद्यावर आणि बऱ्या स्पीकरवर, सलग पाहावा. आणि घरात कोणी गाणारी आजी, भजन म्हणणारे काका असतील, तर त्यांचे गाणे या वर्षीच ध्वनिमुद्रित करून घ्यावे.