कोर्टाने विचारलेला प्रश्न

आणीबाणीतल्या स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते का, हा जबलपूर खटल्याचा प्रश्न होता. ॲटर्नी जनरल निरेन डे सरकारची बाजू मांडत होते. न्या. हंसराज खन्नांनी त्यांना साधा प्रश्न विचारला: एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर दाद कुठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत कुठेच नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल सरकारच्या बाजूने लागला, चार विरुद्ध एक. वेगळे मत एकट्या खन्नांचे. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

वकिलांच्या समारंभांत ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, हे मात्र हळूच गाळले जाते. त्याहून मोठी गाळणूक वकिलांची. स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी आधीच ठरवले होते. त्यांत नागपूर खंडपीठही होते. सर्वोच्च न्यायालयात शांतिभूषण, सोली सोराबजी यांच्यासोबत वि. म. तारकुंडे उभे होते. सासवडचे तारकुंडे, १९६९ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून पुन्हा वकिलीत आलेले. खन्नांच्या भिन्नमतामागे या मंडळींचा घाम आहे.

खन्नांसारखाच साधा प्रश्न तालुक्याच्या कोर्टातही रिमांडच्या वेळी रोज विचारला जातो: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ बहुधा मान खाली घालूनच. आरोपीचा दंड शिपायाच्या मुठीत, उत्तर ठरलेले: ‘नाही साहेब.’ पण काही न्यायदंडाधिकारी शिपायाला लांब उभे करतात, आरोपीला जवळ बोलावतात, सदरा वर करायला सांगतात आणि तो तोंड उघडेपर्यंत थांबतात. अशा कोर्टात उभा राहणारा ज्युनिअर वकील हळूहळू वैद्यकीय तपासणीचा कागद स्वतःहून वाचू लागतो, अटकेची वेळ स्टेशन डायरीशी ताडून पाहतो. त्याला कोणी व्याख्यान दिलेले नसते; उद्या साहेब विचारणार, एवढे त्याला ठाऊक असते.

असे साहेब आले की ‘बोर्ड हलत नाही’ ही पहिली कुरकुर मात्र आपल्याच बाररूममधून निघते. निकाली प्रकरणांचा आकडा घसरला म्हणून त्यांना वरून विचारणा होते, तेव्हाही आपण गप्प असतो. आणि बदली झाली की निरोप समारंभाच्या भाषणात खन्नांचे नाव आपणच घेतो.