वैनगंगेचा काठ कोणाचा?

शहरातील सुखवस्तू वर्गाला अलीकडे अंधाराची ओढ लागली आहे. वीज नाही, दूरध्वनी नाही, रस्त्याचा गोंगाट नाही, अशा नदीकाठच्या निर्जन जागी कापडी घुमटाच्या तंबूत दोन रात्री काढायच्या आणि त्यासाठी हजारो रुपये मोजायचे, ही नवी चैन होऊन बसली आहे. पवनेच्या जलाशयाकाठी तंबूंच्या ओळी केव्हाच उभ्या राहिल्या. विदर्भात गोसेखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०२४ साली तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. त्याच सुमारास अंभोऱ्याच्या संगमावर प्रेक्षकसज्जा असलेला भव्य पूल उभा राहिला. ही लाट उद्या वैनगंगेच्या वरच्या अंगाला, तुमसर तालुक्यात, चांदपूरच्या तलावाकडे आणि बावनथडीच्या काठाकडे सरकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून तंबू ठोकले जाण्यापूर्वीच काही प्रश्न विचारून ठेवणे इष्ट आहे.

पहिला प्रश्न अंधाराचाच. तुमसरच्या शेजारी तिरोड्यास ३,३०० मेगावॉट क्षमतेचा खाजगी औष्णिक वीज प्रकल्प आहे. मौद्याला केंद्र सरकारच्या कंपनीचे वीजकेंद्र आहे. दोन्ही वैनगंगेच्या खोऱ्यातलेच पाणी पितात. पण या खोऱ्यातल्या धान उत्पादकाच्या पंपाला मात्र वर्षानुवर्षे आठवड्याचे काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री वीज, असे चक्र लावून दिले गेले. उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी कंदील वा बॅटरी घेऊन मध्यरात्री बांधावर उभे राहायचे, साप आणि रानडुकराची भीती उराशी बाळगायची, हा येथील शेतकऱ्याचा ‘निसर्गाच्या सान्निध्यातील’ अनुभव आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली जाहीर झाली, यावरूनच स्वातंत्र्याच्या सत्तर वर्षांनंतरही ही साधी गोष्ट साधलेली नव्हती, हे सिद्ध होते. ज्याला हवा तेव्हा दिवा लावता येतो, त्याच्यासाठी अंधार ही करमणूक असते. ज्याच्या हातात बटणच नाही, त्याच्यासाठी तोच अंधार म्हणजे शिक्षा होय.

दुसरा प्रश्न तंबूचा. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचे नमद्याचे गोल घर आज जगभरच्या पर्यटन व्यवसायाने उचलले आहे. ते बांधण्याची पारंपरिक कला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. परंतु त्याच मंगोलियात २००९-१० च्या जीवघेण्या हिवाळ्यात लक्षावधी जनावरे मेली आणि उद्ध्वस्त झालेले पशुपालक आपली तीच घरे घेऊन उलानबातर शहराच्या कडेला येऊन राहिले. नळ नाही, गटार नाही, थंडीत कोळशाच्या धुराने कोंडलेली हवा. घर एकच, परदेशी पाहुण्यासाठी ते वारसा ठरते आणि मूळ मालकासाठी झोपडपट्टी.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? भटक्या-विमुक्तांची पाले महाराष्ट्राच्या कोणत्या नदीकाठाने पाहिलेली नाहीत? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यातील अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का गेला नाही. आजही गावाबाहेर पाल पडले की पोलीस पाटलाकडे तक्रार जाते. घराच्या पत्त्याअभावी रेशनकार्ड मिळत नाही, म्हणून यांची पोरे शाळेबाहेर आणि बाया धान्याबाहेर राहतात. कापडाखाली झोपणारा गरीब असेल तर त्याला हाकलायचे आणि श्रीमंत असेल तर त्याच्यासाठी रस्ता बांधून द्यायचा, हा न्याय ज्या समाजाला खटकत नाही, त्याने समतेच्या गोष्टी बोलू नयेत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा. ज्या जलाशयाचे सौंदर्य विकायला काढले आहे, त्याच्या तळाशी काय आहे? गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. ३७२ कोटींचा अंदाज अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तरीही बुडालेल्या गावांतील माणसांना दीर्घ आंदोलने करावी लागली, तेव्हा कुठे २०१३ साली सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज पदरात पडले. तुमसर तालुक्यात बावनथडी प्रकल्पाने कमकासूर आणि सुसुरडोह या आदिवासी वस्तीच्या गावांना उठविले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा देशात सर्वांआधी, १९७६ साली, महाराष्ट्राने केला याचा आपण अभिमान बाळगतो. पण कायदा करणे आणि जमीन ताब्यात देणे यांतील अंतर धरणग्रस्तांनी पायांनी मोजले आहे.

सिंचनासाठी म्हणून, सार्वजनिक हितासाठी म्हणून, शेतकऱ्याकडून सक्तीने घेतलेली जमीन पुढे विश्रामधाम चालविणाऱ्या कंपनीला भाडेपट्ट्याने देणे, हे सार्वजनिक हित कसे? मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्याच तालुक्यात मोसे नदीच्या खोऱ्यात सुमारे ऐंशी वर्षांनी लवासाचे विलासनगर उभे राहू लागले. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला त्यास नोटीस द्यावी लागली आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. पवनेच्या काठी तंबूंचा धंदा बहरला. पण धरणासाठी जमीन दिलेले अनेक खातेदार अर्धशतकभर पर्यायी जमिनीची वाट पाहत राहिले. त्याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार झाला आणि तिघांचे बळी गेले. हा इतिहास वैनगंगेच्या काठावर पुन्हा घडू द्यायचा काय?

यावर उत्तर ठरलेले असते : पर्यटनाने रोजगार मिळेल. मिळेलही; पण कोणता? आज वैनगंगेवर ढिवर बांधवांची पिढीजात मासेमारी आहे. नागपूरच्या सांडपाण्याने भरलेली नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते आणि गोसेखुर्दचे पाणी नासते. रेतीचा बेसुमार उपसा नदीचे पात्र पोखरतो. हे दोन्ही थांबविले तर हजारो हातांना पूर्वीचेच काम परत मिळेल. ते न करता, मासेमाराच्या हातातील जाळे काढून त्याला पाहुण्यांच्या सामानाची ओझी वाहायला लावणे, याला रोजगारनिर्मिती म्हणत नाहीत. आणि काठावर काही उभारण्यापूर्वी ऑगस्ट २०२० अखेरचा पूरही आठवावा. वर मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सुटले आणि भंडारा शहर जलमय झाले. पूररेषेच्या आत तंबू ठोकणाऱ्यांना नदी भाडेपावती विचारीत नाही.

याचा अर्थ समाजवादी माणसाने पर्यटनाला, विश्रांतीला विरोध करावा, असा मुळीच नाही. विश्रांती हा श्रमिकाचा हक्क आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली लेऑं ब्लुम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली, तेव्हा अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींतील कामगाराला, विड्या वळणाऱ्या बाईला, तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुराला नदीकाठी दोन दिवस निवांत घालविता आले, तर त्या सुट्टीचे आपण स्वागतच करू. आक्षेप एवढाच आहे की, एकाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याचे विस्थापन होता कामा नये.

तेव्हा तुमसर-भंडारा भागातील कार्यकर्त्यांनी आतापासूनच काही मागण्या गावोगाव मांडल्या पाहिजेत. धरणासाठी संपादित केलेल्या जमिनीचा एकही तुकडा, शेवटच्या धरणग्रस्ताचा दावा निकाली निघेपर्यंत, खाजगी व्यवसायास देऊ नये. काठावरील कोणत्याही प्रकल्पास ग्रामसभेची संमती आणि मत्स्य सहकारी संस्थांचा प्रथम हक्क असावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र गावांच्या सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतील माशांचाही समावेश केला आहे, याची माहिती प्रत्येक जंगलगावाला द्यावी. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा लाभ घ्यायचा तर शेतकऱ्यांच्या आणि महिलांच्या सहकारी संस्थांनी घ्यावा, म्हणजे पाहुण्याचा पैसा गावात राहील. सौरऊर्जेचे पत्रे पाहुण्यांच्या तंबूवर चढण्यापूर्वी शाळेवर, दवाखान्यावर आणि शेतीपंपावर चढले पाहिजेत.

चांदपूरच्या तलावाचे पाणी आजवर सिहोरा भागाच्या शेतांना पोसत आले आहे. पूर्व विदर्भातील असंख्य मालगुजारी तलाव येथल्या माणसांच्या कष्टांनी बांधले गेले. त्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी, ढिवर आणि गुराखी एकत्र नांदले. वैनगंगेचा काठ पाहुण्यासाठी जरूर खुला असावा. मात्र त्याचे यजमानपद नदीवर जगणाऱ्यांकडेच राहिले पाहिजे. ते त्यांच्या हातून निसटले, तर उद्या आपल्याच नदीवर जायला तुमसरच्या माणसाला तिकीट काढावे लागेल.