डेफ की डेथ?

लोकव्युत्पत्ती शिकवताना परवा वर्गात मी मोठ्या ऐटीत अमेरिकेतले एक उदाहरण दिले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाला (हा फुटबॉल बहुतेक हातानेच खेळतात, ते असो!) ‘डेथ व्हॅली’, म्हणजे मृत्यूची दरी म्हणतात. पण तेथील मंडळी सांगतात, मूळ नाव ‘डेफ व्हॅली’, बहिऱ्यांची दरी! गलकाच तसा. 1988 साली ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात झालेला जल्लोष विद्यापीठाच्या भूकंपमापकावरही उमटला. ‘फ’चा ‘थ’ झाला, संपले!

वर्ग खूष. इतक्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, ‘डेफ’ असे जुन्या कागदांत कुठे छापलेले आहे?”

मी घड्याळाकडे पाहिले.

घरी येऊन शोधू लागलो, तर दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेम्सनच्या मैदानाचेही नाव तेच. दोन्ही संघही ‘टायगर्स’च! क्लेम्सनवाले मात्र माणूस आणि साल दोन्ही सांगतात. तेथे सपाटून मार खाणाऱ्या प्रेस्बिटेरियन कॉलेजचे प्रशिक्षक लॉनी मॅकमिलियन 1948 मध्ये म्हणाले, संघाला डेथ व्हॅलीत घेऊन चाललो आहे. क्लेम्सनचे प्रशिक्षक फ्रँक हॉवर्ड यांनी ते नाव उचलले. पुढे कॅलिफोर्नियातल्या खऱ्या डेथ व्हॅलीतला एक धोंडा त्यांना भेट मिळाला. तो काही काळ दाराला टेकू म्हणून पडून होता. 1966 साली मैदानाशी चौथऱ्यावर बसला. त्याला हात लावून खेळाडू मैदानात उतरतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, “ती बहिऱ्यांची दरी वहीतून खोडा.”

मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, मी पेन्सिलीनेच लिहिली होती.”