बेडकाला पानावर बसवू नका

मृगाच्या दोनचार चांगल्या सरी झाल्या की नाशिकमधील पुष्कळ घरांच्या मोरीत किंवा न्हाणीघराच्या खिडकीत एक पाहुणा येऊन बसतो. रंग मातकट, डोळे मोठे, कंबर बारीक आणि बोटांच्या टोकांना वाटोळ्या टिकल्या. डबक्यातल्या बेडकाला भिंत चढता येत नाही. हा मात्र गुळगुळीत फरशीवरही पालीसारखा चढतो. हा झाडावरचा बेडूक, म्हणजे वृक्षमंडूक. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. जॉन एडवर्ड ग्रे या शास्त्रज्ञाने १८३० मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले.

पूर्वी अशा पाहुण्याला केरसुणीने हाकलीत, नाहीतर त्याच्या अंगावर मीठ टाकीत. (ही क्रूर चाल अजून पुरती गेलेली नाही.) आता घरोघरी मोबाइल आहे, त्यामुळे आधी फोटो काढतात. ही सुधारणाच म्हणायची. परंतु ज्या तऱ्हेच्या फोटोंना आपण वाहवा देतो, त्या तऱ्हेविषयी माझी तक्रार आहे.

तक्रार आधी माझ्याच विरुद्ध. काही वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघरात बादलीमागे हा बेडूक बसला होता. मागे डाग पडलेली फरशी, वर मिणमिणता दिवा. असला फोटो कोण पाहणार? मी त्याला हातात धरले, अंगणातल्या जास्वंदीच्या पानावर नेऊन बसविले, वर थोडे पाणी शिंपडले. फोटो सुरेख आला. एका जाणकार स्नेह्यांना तो मोठ्या हौसेने दाखविला, तर त्यांनी एवढेच विचारले, "हा जास्वंदीवर काय करीत होता?" मला उत्तर देता येईना. तो जास्वंदीवर नव्हताच! माझे चित्र सुंदर होते आणि खोटे होते.

खरी माहिती त्या बादलीमागेच होती. नाशिक शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्यातील इगतपुरीला त्याच्या चौपटीच्या आसपास. शहरात दोन सरींमध्ये बरेच कोरडे दिवस जातात आणि बेडकाच्या उघड्या कातडीतून पाणी सतत उडून जात असते. तेव्हा ओलसर मोरी हा त्याच्या दृष्टीने चांगलाच आसरा होय. त्याच्याजवळ आणखी एक युक्ती आहे. याच जातीच्या बेडकांवरील एक संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. हा बेडूक कातडीतून पाझरणारा स्निग्ध द्रव पायांनी सर्वांगाला पुसून घेतो, जणू तेल लावून घेतो, आणि मग पाय पोटाशी घेऊन निश्चल बसतो. त्यामुळे अंगातील पाणी सावकाश उडते. अशा प्राण्याला आपण साबणाच्या, घामाच्या किंवा डास पळविणारे मलम लावलेल्या हाताने उचलतो, तेव्हा त्याचे काय होत असेल याचा विचार करा. तो निमूट बसला म्हणजे त्याला फोटो काढून घ्यायची हौस आहे, असे नव्हे.

बसविलेल्या फोटोत ओळखही पटत नाही. या जातीची खूण आहे मांडीच्या मागच्या बाजूला: गडद जाळीत पिवळे वाटोळे ठिपके. पाय मुडपून बसलेल्या बेडकाचे हे ठिपके झाकलेले असतात. पाठीचा रंग पाहून ओळखू म्हणाल, तर तो फिकट-गडद होत असतो. म्हणून थोडे थांबावे. तो आपणहून भिंत चढू लागला की मागून फोटो घ्यावा. मग तो कितीही ओबडधोबड येवो!

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या झुडपांत आणखी लहान वृक्षमंडूक असतात. त्यांच्यात तर एकाच जातीत रंगांच्या अनेक तऱ्हा आढळतात, त्यामुळे फोटोपेक्षा त्यांचा आवाज अधिक उपयोगी पडतो. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचे नाव दिलेली राओर्चेस्टेस घाटेइ ही जात याच गटातली. आपल्या सह्याद्रीतली ही जात, पण तिचे वर्णन झाले २०१३ मध्ये! मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज टिपून ठेवा. विजेरीचा झोत मात्र डोळ्यांवर फार वेळ धरू नका.

शिक्षकांनाही एक सांगायचे आहे. शाळेत निसर्गचित्रांची स्पर्धा घेतलीत, तर फोटोबरोबर चार ओळी मागा: तारीख, वेळ, जागा, प्राणी काय करीत होता. आणि "प्राण्याला हलविले काय?" हेही विचारा. ज्याने "होय" असे प्रामाणिकपणे लिहिले त्याला रागावू नका. परंतु पहिले बक्षीस न हलविणाऱ्याला द्या, मग त्याच्या फोटोत बादली आणि साबणाची वडी का दिसेना. काही पालक हसतील. हसू द्यावे.

जाता जाता, पावसाळ्यात घराजवळच्या उघड्या हौदाच्या काठाला, पाण्याच्या वर, साबणासारखा पांढरा फेस चिकटलेला दिसला, तर तो धुऊन टाकण्यापूर्वी नीट पाहा. मादीने आपला स्राव पायांनी घुसळून केलेले ते घरटे असते. फेस वरून सुकतो, आत ओला राहतो, आणि त्यात अंडी असतात. काही दिवसांनी पिल्ले खालच्या पाण्यात टपटप पडतात. तेवढे दिवस हौद धुणे लांबणीवर टाकता येते का, ते घरी विचारा, आणि रोज एकाच जागेवरून एक फोटो घ्या.